चंद्राचा कौल

देवाच्या अंगावर चिकटवलेल्या दोन पाकळ्यांपैकी उजवी आधी पडली. उजवी म्हणजे होकार, डावी म्हणजे नकार. गाभाऱ्यापाशी उभ्या असलेल्या गोकुळदासने हात जोडले आणि मान वळवून वाहिनीच्या कॅमेऱ्याकडे बघितलं. देवच बोलला, आता आडवं यायची कोणाची बिशाद?

गोकुळदास पेडण्यातल्या याच गावचा. दिल्लीत चांद्रमोहिमेच्या खर्चावरून जी समिती भांडत होती, तिच्यात तो होता. एक बाजू म्हणत होती, इस्पितळात खाटा नाहीत आणि चंद्र कसले बघता. दुसरीला निवडणुकीच्या आत आपली माणसं चंद्राला फेरी मारून आलेली हवी होती. शेवटी तडजोड निघाली: माणसं ठरल्या तारखेला जातील, पण त्याआधी रिकामं यान पाठवून बघायचं होतं, त्या चाचणीचे पैसे कापायचे. त्यावर समिती अर्धी-अर्धी फुटली. उद्या गोकुळदास जिकडे, निकाल तिकडे. तडजोडीच्या बाजूने मत त्याचं ठरलेलंच होतं. फक्त बंदूक ठेवायला देवाचा खांदा हवा होता.

पहिल्या रांगेत कृष्णनाथ बसला होता, गळ्यात हार घालून. त्याचा मुलगा सर्वेश त्या यानातून जाणार होता. सकाळीच सर्वेशचा फोन आला होता. "बाबा, रिकाम्या यानाची फेरी होणार नाही असं दिसतंय. आतली हवा परत येईपर्यंत टिकते की नाही, ते आम्हीच जाऊन बघायचं. पण तुम्ही गावात तोंड उघडू नका. माझी जागा जाईल." पोराने आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं. कृष्णनाथने शब्द दिला होता आणि आता त्याला तो पाळवत नव्हता.

"उजवो कौल," मागून कोणीतरी म्हणालं. "सर्वेश सुखरूप येतलो."

सगुण गुरव प्रसादाचं ताट घेऊन वळला. कृष्णनाथ उठला आणि त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"सगुण, देवाक तू काय विचारलंस?"

"चंद्रार जातत त्यांका सुखरूप परत हाडशीत काय, असा."

"आदी रिकामा यान धाडूचा नाय, पयल्याच खेपेक माणसां घालूची, ह्या सांगलंस त्येका?"

सगुणचा हात ताटातच राहिला. "माका कोणीच सांगूक नाय."

देवळात चुळबुळ झाली. गाऱ्हाणं घालताना देवापासून काही लपवायचं नसतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. अर्धं सांगून घेतलेला कौल म्हणजे देवाची फसवणूकच.

गोकुळदास हसला. दिल्लीला गेल्यापासून तो गावातही भाषणातलीच मराठी बोलायचा. "कृष्णनाथ, हा तांत्रिक विषय आहे. देवाला त्याचं काय?"

"देवाक नसात. माका आसा. माझो झील आसा तो." कृष्णनाथचा आवाज फाटला. सर्वेशची जागा आपण आत्ता, या क्षणी घालवली, हे त्याला कळत होतं. पोर परत आपलं तोंड बघेल की नाही, कोण जाणे. तरी तो खाली बसला नाही.

"कॅमेरा बंद करा," गोकुळदास म्हणाला. कोणी हललं नाही.

सगुणने ताट खाली ठेवलं. हा माणूस एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण खोटा कौल डोक्यावर घेऊन त्याला घास गेला नसता. त्याने देवाच्या अंगावरून ओला हात फिरवला आणि दोन नव्या पाकळ्या उचलल्या.

"परत विचारुया. आता सगळा सांगान. साहेबानू, तुम्हीच बोला, मी देवाक पोचयतंय."

"नको," गोकुळदास म्हणाला.

"कित्याक? मगाशी उजवी पडली. देवाचा मन असात तर परत उजवीच पडात."

गोकुळदास त्या पाकळ्यांकडे बघत राहिला. कपाळावरचा घाम त्याने पुसला नाही. मग तो सगुणच्या जवळ सरकला आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा गावच्या बोलीत, अगदी हळू बोलला.

"आणि डावी पडली तर रे?"