खिडकीतली केळ

हॉलमधल्या कुंडीतली केळ काही केल्या वाढेना. माती बदलली, खत घातलं, कुंडी भर उन्हाच्या खिडकीशी ठेवली, तरी नव्या पानाची सुरळी उलगडेना. मग एकदा फरशी पुसताना खिडकीपासून अंधाऱ्या कोपऱ्यापर्यंत कुंडी ओढल्याचे ओरखडे दिसले. दिवसभर घरात सासरे एकटेच असतात!

"बाबा, ही कुंडी कोणी हलवतं का हो?"

"माझे गुडघे बघ आणि मग विचार!" असं म्हणत त्यांनी वाफाळत्या चहाचा कप माझ्या हातात दिला. मी ऑफिसमधून जिने चढून वर आले, की चहा रोज असाच तयार. एवढं गोड वागणं उगाच नसतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

आज मुद्दाम लवकर निघाले, मागच्या जिन्याने वर आले आणि हळूच दार उघडलं. कुंडी कोपऱ्यात होती आणि सासरे खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते.

"सापडलात ना, बाबा!"

ते दचकले, ओशाळले.


"अगं, त्या पानांआड फाटक दिसत नाही. तू येताना दिसली नाहीस, तर चहा कधी टाकू?"