तलवार कुणाची

“तलवार कुणाची?” भटजींनी विचारलं.

कॅमेरा चालू होता. समोर चौरंगावर लोडाला टेकवलेली तलवार, तिच्या मुठीला मुंडावळ्या. सिनेमात दोन सरदार घराण्यांनी सोयरीक जमवलेली असते, तेवढ्यात लढाई पेटते. नवरदेव किल्ल्यात अडकतो, आणि मुहूर्त टळू नये म्हणून नवरीचं लग्न त्याच्या तलवारीशी लावतात. त्यातलं हे कन्यादान.

“सरदार रणधीररावांची,” दिग्दर्शक हळूच म्हणाला.

“ते तुमच्या कागदावर. नुसत्या लोखंडाला मी कन्यादान करवत न्हाई. खांड्याच्या लग्नात धन्याचं नाव घ्यावं लागतं. धनी कोण हिचा?”

मांडवाच्या खांबाआडून आवाज आला, “माझी हाय.”

तो अमरसिंह. पलीकडच्या पेठेचा, फुटबॉलवाला. तलवार त्याच्या देवघरातली, दसऱ्यालाच तेवढी बाहेर निघायची. म्हणून तिच्यावर नजर ठेवायला तो सकाळपासून खांबाला चिकटून उभा होता. आता नजर तलवारीवर होती की तलवारीसमोर बसलेल्या नवरीवर, हे खांबालाच ठाऊक.

नवरी म्हणजे वर्षाराणी. खरी नायिका मिरजेला गाडीत अडकली होती. त्यामुळं पाठमोरं चित्रण करायचं ठरलं आणि बापाचा डबा घेऊन आलेल्या वर्षाराणीला शालू नेसवून पाटावर बसवलं. शेजारी नवरीचा बाप म्हणून तिचाच बाप, शिवाजी पेठेतला आकाराम पैलवान. त्याला मिशांसाठी आणला होता. आणि आई म्हणून त्याचीच बायको झुंबरबाई. दिग्दर्शकाचा हट्टच तसा. सगळं खरं पाहिजे.

एक गोष्ट मात्र दिग्दर्शकाला ठाऊक नव्हती. याच अमरसिंहानं गेल्या फायनलला शेवटच्या मिनिटाला शिवाजी पेठेवर गोल मारला होता. चेंडूनं जाळी फाडली, मैदानाबाहेरच्या चहाच्या गाड्यावरची किटली पाडली आणि सगळी पेठ तीन दिवस चहा प्याली नाही. संक्रांतीला त्याच्या घरची माणसं वर्षाराणीला मागणी घालायला आली, तेव्हा आकारामानं त्यांना बिनचहाचं उंबऱ्यावरनं परत लावलं. “त्या पायाला माझी पोरगी? मेलो तरी न्हाय.” येत्या रविवारी वारणानगरचं स्थळ बघायला येणार होतं.

भटजींनी अमरसिंहाला बापाचं, आजाचं, पणजाचं नाव विचारलं आणि तिन्ही पिढ्या संस्कृतात गुंफून धडाधड म्हणून टाकल्या. आकारामाला काही कळलं नाही. त्याचे दोन्ही कान तालमीत मोडलेले; ऐकू बेतानंच. त्यात हलायचं नाही, असं दिग्दर्शकानं बजावलेलं. तो मिशा सांभाळत बसला. झुंबरबाईनं धार धरली. चांगली सढळ धरली. आकारामाच्या ओंजळीतलं पाणी तलवारीच्या मुठीवरून खाली ताम्हनात गेलं, आणि त्याचे डोळे खरोखरच भरून आले.

“कट. फारच छान. फक्त उजेड जरा गेला. परत एकदा घेऊ.”

“काय परत?”

“कन्यादान. मुलीला पुन्हा तुमच्या बाजूला घ्या, पाणी पुन्हा सोडा.”

आकाराम उठून उभा राहिला. “पाणी सोडून दिलेली पोरगी माघारी घ्यायची, आन पुन्हा द्यायची? भाजी हाय व्हय? आमच्यात न्हाय तसलं.”

“अहो पैलवान, हे सिनेमातलं आहे.”

“सकाळपास्नं तुम्हीच सांगतायसा, सगळं खरं पायजे. मिशा खऱ्या, भटजी खरा. मग माझा शब्दच तेवढा खोटा काय? एकदा दिली म्हंजे दिली.”

मांडवातले मावळे, दासी, भालदार, सगळी पेठेचीच माणसं. त्यांनी माना डोलावल्या. आकारामानं मिशीवर पालथी मूठ फिरवली. दिग्दर्शकानं हात जोडले.

“बरोबर बोलला पैलवान,” भटजी ताम्हन पुसत म्हणाले. “मग जावईबापूंना बोलवा. तलवार आता त्यांनीच उचलायची.”

“कोण जावई?”

अमरसिंह खांबामागून पुढं आला.

आकारामानं आधी त्याच्या पायाकडं बघितलं, मग बायकोकडं.

“पाणी कुणी घातलं?”

“मी. तुम्हीच म्हणालासा की, धार तुटू दिऊ नगं.”

त्यानं लेकीकडं बघितलं. वर्षाराणी पायाच्या अंगठ्यानं शेणानं सारवलेली जमीन उकरत होती.

“फार हुशार हो तुमची मुलगी,” दिग्दर्शक मध्येच म्हणाला. “आमची तलवार पत्र्याची होती. खरी कुठं मिळेल, तो पत्ता काल डबा घेऊन आली तेव्हा तिनंच दिला.”

आकारामानं मांडवभर नजर फिरवली. इतक्या लोकांसमोर दिलेला शब्द, आणि देणारा तोच. अमरसिंह वाकला आणि मुठीच्या मुंडावळ्या सोडायला लागला.

“असू द्यात त्या,” आकाराम म्हणाला. “आमच्या घरी चहा घेऊन जावा, पावणं.”

झुंबरबाईनं पदर तोंडाला लावला.

“आन एक सांगा. तो गोल कुठल्या पायानं मारलातासा?”

अमरसिंहाची मान खाली गेली. “डाव्या.”

“मग उंबऱ्यात उजवा आधी टाका.”