कै. पोपटराव

‘दारूत मेला माझा बाप’ या रॅपने बाळकुमच्या चाळीतला सर्वेश गाजला. त्याचे वडील पोपटराव चांगले जिवंत होते, दारूही सुटलेली. पण गाण्यात जिवंतापेक्षा मेलेला बाप जास्त चालतो, एवढा साधा हिशोब. टेंभी नाक्यावर सत्काराचा फ्लेक्स लागला: ‘कै. पोपटराव यांचे सुपुत्र’.

“अरे, तो ‘कै.’ तरी पुसायला सांग,” आई कळवळली.

“आता नको, आई. सगळे फेक म्हणतील मला.”

सत्काराच्या गर्दीत पोपटराव मागे उभे राहून फ्लेक्स बघत होते. बाजूच्या पोराने विचारलं, “काका, ओळखायचात का ह्याच्या पप्पांना?”

“आमच्याच चाळीतला. वाईट नव्हता रे... शेवटी शेवटी दारू सोडलेली त्याने.”