केशरी ठिपका

"बायो थांबली," सरोजिनीबाई म्हणाल्या.

नंदकिशोर गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. तांब्या हातात तसाच धरून ते आत आले. "कुठे?"

"कोपरखैरण्याच्या अलीकडे. मघापासून हललेली नाही बघा."

टॅब्लेटच्या पडद्यावर ठाण्याची खाडी पसरली होती. पाणी खोल तिथे निळा रंग गडद होता, उथळ तिथे तो विरत विरत चिखलाचा करडा झाला होता. त्यावर गुलाबी ठिपके तरंगत होते. एकेक ठिपका म्हणजे पाठीवर ट्रान्समीटर लावलेला एकेक फ्लेमिंगो. ठिपका सरकला की मागे धुरासारखी रेघ उमटे आणि सावकाश विरून जाई. खालची पट्टी बोटाने मागे ओढली, की सगळा थवा उलटा उडत कालच्या जागी जाऊन बसे. सरोजिनीबाई दुपारभर तेच करत बसत. सीवूड्सचा तो फ्लॅट, खालच्या रस्त्यावरचे हॉर्न, शेजारचा मिक्सर, सगळे त्या वेळी पाण्याखाली गेल्यासारखे वाटे.

हे सॉफ्टवेअर प्राचीने लिहिले होते. ऐरोलीच्या एका कंपनीत ती पक्षिशास्त्रज्ञांसाठी असली साधने बनवायची. शास्त्रज्ञांनी आकडे द्यायचे, तिने त्यांचे हलते नकाशे करायचे. टॅब्लेटही तिनेच आणून दिला होता. सरोजिनीबाईंनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता. बाकी काही विसरल्या तरी नकाशावर त्यांचे बोट चुकत नसे.

केशरी ठिपका एकच होता. त्याचा ट्रान्समीटर वेगळ्या बनावटीचा आहे, असे प्राचीने सांगितले होते. बायो हे नाव त्याला सरोजिनीबाईंनी दिलेले.

गुलाबी ठिपके भरती-ओहोटीप्रमाणे जागा बदलत. बायोला पाण्याशी देणेघेणे नव्हते. सकाळी ऐरोली, संध्याकाळी परत सीवूड्स. पडद्यावर आठवड्याचे दिवस एकावर एक ठेवता येत. तसे केले की बाकीच्या रेघांचा लोकरीसारखा गुंता होई. बायोची मात्र एकच जाड रेघ.

"शिस्तीची आहे पोर," सरोजिनीबाई म्हणायच्या.

"तुझ्या हाताखालून गेलेली दिसते," नंदकिशोर म्हणायचे.

इमारतीमागेच तळे होते आणि बायो तिथेच मुक्कामाला येते, अशी सरोजिनीबाईंची खात्री होती. म्हणून रोज दिवेलागणीला त्या खिडकीत बशी ठेवत. दूधपोहे, वर गुळाचा खडा.

"अगं, फ्लेमिंगो शेवाळ खातात."

"तुम्ही नका शिकवू मला. आपल्या दारी आल्यावर आपलं खाईल."

बशी रोज रिकामी होई. "कावळे," नंदकिशोर म्हणत.

आज बशी भरून ठेवली आणि त्या परत पडद्याकडे वळल्या, तोवर केशरी ठिपका राखाडी झाला होता. खबर येईनाशी झाली की ठिपका राखाडी होई.

"अहो, विझली!"

"रेंज नसेल."

"तिथे विजेच्या तारा आहेत. मोठाल्या. पंख अडकला की संपलंच. त्या मुलीला फोन लावा आधी."

"कुठल्या?"

"ऐरोलीची ती. हे जिनं केलंय."

नंदकिशोरांनी फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा नाव दाबताना त्यांचा अंगठा सटकला.

"बंद येतोय."

"येणारच. ऑफिस सुटलं, तिचं काम झालं. तिला काय, तिच्या लेखी तो एक ठिपका."

नंदकिशोरांनी फोन खाली ठेवला. ते उठले, दारामागचा शर्ट काढून अंगात घातला. बटणे वरखाली लागली.

"कुठे निघालात?"

"बघून येतो."

"पक्षी बघायला? या अंधारात? एवढ्या खाडीत कुठे शोधणार आहात? बसा गप."

ते बसले. शर्ट तसाच अंगात.

"तू जेवून घे, सरोज. गोळी घ्यायची आहे. सकाळपासून दोन घास पोटात नाहीत."

"ती आली की."

"आणि नाही आली तर?"

सरोजिनीबाईंनी त्यांच्याकडे असे पाहिले, की त्यांनी ताट झाकून ठेवले आणि पुन्हा फोन कानाला लावला.

पडद्यावर भरती येत होती. निळा रंग करड्यावर चढत होता. गुलाबी ठिपके एकेक करून उठले, हवेत रेंगाळले आणि दक्षिणेकडे निघाले. राखाडी ठिपका एकटाच मागे राहिला. सरोजिनीबाईंनी त्याच्यावर बोट ठेवले आणि तसेच ठेवून त्या बसून राहिल्या.

मग त्यांच्या बोटाखालचा ठिपका नाहीसा झाला. नेरूळच्या बाजूला केशरी रंग पेटला.

"आली! अहो, बघा, आली!"

नंदकिशोरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुसतच राहिले.

ठिपका संथपणे सरकत आला. स्टेशन मागे पडले, मॉल मागे पडला. सरोजिनीबाईंनी खोलीतला दिवा मालवला, बिचकायला नको म्हणून, आणि त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर तळे काळेभोर होते. टेबलावरच्या टॅब्लेटचा निळसर उजेड छतावर पाण्यासारखा हलत होता.

दाराची बेल वाजली.

नंदकिशोरांनी दार उघडले. पाठीवर बॅग लावून प्राची उभी होती.

"कंपनीची बस बंद पडली," ती हळू आवाजात म्हणाली, "आणि फोनही. शेवटी रिक्षावाल्याचा चार्जर लावला."

नंदकिशोरांनी तिच्या पाठीवरची बॅग उतरवून घेतली. तिने चपला काढल्या आणि पाय न वाजवता ती खिडकीपाशी गेली. सरोजिनीबाई तळ्याकडे टक लावून पाहत होत्या. प्राचीने त्यांच्या मागून हात घालून बशी उचलली, उभ्याउभ्याच सगळे पोहे खाल्ले, गुळाचा खडाही, आणि बशी होती तिथे ठेवून दिली.

सरोजिनीबाई वळल्या. रिकामी बशी बघून त्यांचा चेहरा निवला.

"बघा, खाल्लंन तिनं! वाढा आता माझं पान. आणि या मुलीलाही वाढा, लांबून आलेली दिसते."

नंदकिशोरांनी दिवा लावला आणि दोन ताटे घेतली.

"बस, बायो," ते प्राचीला म्हणाले, "आईच्या शेजारी बस."