चौथी लाइन

"बंद केला! बघ, कुठलं पाणी गेलं?" मार्सेल गच्चीवरून ओरडला.

"स्वयंपाकघरातलं!" खालून त्याच्या बायकोचा, ॲंजेलाचा आवाज आला. "आणि माझे तांदूळ धुवायचे राहिलेत!"

मार्सेलने व्हॉल्व्ह पुन्हा उघडला आणि पाइपावर खडूने 'किचन' लिहिलं. सकाळी भरलेली टाकी दुपारपर्यंत आपोआप रिकामी होत होती. कुठली लाइन गळतेय ते शोधायचं होतं. प्लंबरला बोलवा, असं ॲंजेलाचं दोनदा म्हणून झालं होतं. पण जन्मभर जहाजावर फिटरचं काम केलेल्या माणसाने सांडोर गावातल्या स्वतःच्या घरात प्लंबर बोलवायचा, हे त्याला पटेना. तसं हे घर त्याच्या ओळखीचं नव्हतंच. तो समुद्रावर असताना ॲंजेलाने ते थोडं थोडं करून वाढवलं होतं. कुठला व्हॉल्व्ह कशाचा, हे आता तिलाही धड सांगता येत नव्हतं.

दुसरा बाथरूमचा निघाला. तिसरा मागच्या वाडीतल्या केळींचा. चौथा बंद केला, तर खाली काहीच थांबलं नाही.

"सगळीकडे पाणी आहे!" ॲंजेला ओरडली.

त्याने तोही पुन्हा उघडला. चौथा पाइप टाकीपासून निघून गच्चीच्या सिमेंटमध्ये शिरत होता. मार्सेल वाकून ओलीच्या मागे मागे गेला. पश्चिमेच्या कोपऱ्यात जुन्या कौलांचा ढीग होता. त्याने कौलं बाजूला केली. खाली हिरवंगार शेवाळ, आणि त्यातून वर आलेलं वीतभर पाइपाचं तोंड. त्यावरचं लोखंडी बूच गंजून ठिबकत होतं.

"जरा वर ये गं!"

ॲंजेला पदराला हात पुसत आली.

"ही लाइन कुठेच जात नाही," तो म्हणाला. "कुठल्या दीडशहाण्या प्लंबरने टाकली?"

"मी टाकायला लावली." ती कठड्यावर टेकली. "तुम्हीच म्हणाला होता ना फोनवर, कायमचा आलो की वर एक खोली बांधू. मोठी खिडकी, आतच बाथरूम. गच्चीचं काम निघालं तेव्हा म्हटलं, पाइप आत्ताच टाकून ठेवू. नंतर कशाला फोडाफोड?"

"मी म्हणालो? कधी?"

"आपला डिलन शाळेत होता तेव्हा."

त्यांचा हा मुलगा आता एव्हरशाईन वसाहतीत बायकोबरोबर फ्लॅटमध्ये राहत होता.

मार्सेलला काही आठवेना. बंदरावरच्या फोनवर तो असं पुष्कळ बोलायचा. मागे रांग असायची, आणि 'कशी आहेस' विचारून झालं की पुढे सुचायचं नाही. मग तो खोल्या बांधायचा, गाडी घ्यायचा, तिला वेलांकणीच्या यात्रेला न्यायचा. फोन ठेवला की विसरायचा.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायचं काय त्यात? तुम्हाला माहीतच होतं की."

त्याने बुचाला पाना लावला आणि जोर केला. आधी हवा सुसाटली, मग तांबडं पाणी आलं आणि पाठोपाठ स्वच्छ पाण्याची धार उसळून थेट त्याच्या छातीवर. ॲंजेला पोट धरून हसली. त्याला व्हॉल्व्ह बंद करायला पळावं लागलं.

"आता खोली कुणासाठी बांधायची?" शर्ट पिळत तो म्हणाला. "आपण दोघंच."

"खोली राहू द्या. इथे एक नळ बसवा. संध्याकाळी वर येऊन बसत जाऊ. चहाचे कप विसळायला खाली जायला नको."

"किती उंचीवर बसवू?"

ॲंजेला उठली. कोपऱ्यात उभी राहून तिने कप विसळल्यासारखे हात हवेत धरले.

"एवढ्या."

"हलू नकोस. टेप आणतो."

तो जिना उतरून खाली गेला. खण उघडल्याचे, बंद केल्याचे आवाज येत राहिले. टेप काही लवकर सापडेना. वर ॲंजेला तशीच उभी होती, नसलेल्या नळाखाली हात धरून.