मावशी गप्प बसली

तिनं मॉनिटरवर आपलं जॅकेट टाकलं. स्क्रीन झाकायची गरज तिला नव्हती. शेजारी बसलेल्या इंजिनिअरला होती. जन्मापासून न दिसणारी ती या कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची, आणि डोळसांना 'चालतंय की' म्हणायची भारी घाई असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

नवी सिस्टिम कॉम्प्युटरवर चढवायची, तीही फक्त कानांच्या भरवशावर. स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या आवाजाला ऑफिसात सगळे मावशी म्हणत. मावशीनं भाषा विचारली, कीबोर्ड विचारला, घड्याळ लावून घेतलं. स्थळ बघायला आल्यासारख्या चौकशा. प्रत्येक उत्तराला ती एंटर दाबत गेली.

पाचव्या पायरीवर मावशी गप्प झाली.

तिनं बाणांची बटणं दाबली, टॅब दाबलं. पंखा तेवढा घरघरत राहिला.

काल तू तपासलंस तेव्हा ही इथं बोलली होती का, तिनं विचारलं. इंजिनिअर घुटमळला. बोलली असेल, म्हणाला. समोर सगळं दिसतच होतं, त्यामुळे लक्ष दिलं नाही. त्यानं 'पास' लिहून टाकलं होतं. डोळे उघडे ठेवून तपासलं, तिथंच माशी शिंकली.

"जॅकेट काढ आणि वाच."

वाचता वाचता त्याचा आवाज बसत गेला. "संपूर्ण डिस्क पुसून सिस्टिम बसवा. हाच पर्याय आधीपासून निवडलेला आहे, ताई. एंटर दाबलं की सुरू."

मग त्यानं कबूल केलं. सकाळी भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, रिक्षानं तिला सोडायला आले होते, तेव्हा त्यांनी मागितला म्हणून याच सिस्टिमचा पेनड्राइव्ह त्यांना दिला होता. जुनं सगळं जागेवर राहतं, मावशी सांगेल तसं करा, अडलात तर एंटर दाबा, असंही वर बजावलं होतं.

तिच्या नवऱ्यालाही दिसत नव्हतं. तो गाणं शिकवायचा. चोवीस वर्षांत बांधलेल्या चाली घरच्या कॉम्प्युटरवर होत्या, एकाच डिस्कवर. दुसरी प्रत काढू, काढू म्हणत राहूनच गेली होती.

तिनं फोन लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला, तेव्हा त्यानं उचलला.

"काही दाबू नकोस," ती म्हणाली.

"अगं, झालं की सगळं." तो खुशीत होता. "मावशी मध्येच गप्प बसली होती. मी दाबलं एंटर. आता बोलायला लागलीये बघ, ऐक."

त्यानं फोन कॉम्प्युटरजवळ धरला असावा. मावशीचा आवाज स्वच्छ आला, रोजच्यासारखाच आर्जवी.

"स्वागत आहे. आपला कॉम्प्युटर आता अगदी नव्यासारखा झाला आहे. आपलं नाव टाइप करा."