इंग्यूचा गुडघा

"सर, इथं शेवटपर्यंत खेळू देतात ना?"

बारा वर्षं झाली त्या आवाजाला. दहा वर्षांचं काटकुळं पोर, बोल्ग्यो गावच्या खाजणातला चिखल अजून नखांत तसाच, आणि मैदानाच्या दारात पाऊल टाकताच पहिला प्रश्न हा. फुटबॉल क्लबच्या बालसंघाचे कोच बेक तेव्हा हसले होते. "पाय थकेपर्यंत खेळ रे बाबा," म्हणाले होते.

आणि आज, मोसमातल्या घरच्या शेवटच्या सामन्यात, चौदाव्या मिनिटाला रेषेबाहेरच्या पंचानं बदलीची पाटी वर धरली. लाल आकड्यांत सत्तेचाळीस. तेच पोर, इंग्यू.

"घ्या! काढला!" प्रेक्षकांत बसलेल्या बेक यांनी मांडीवर हात आपटला.

"अरे, नूडल्सचा एक वाडगा संपेस्तोवर तरी ठेवायचा पोराला!" मागच्या रांगेतला लोकरी टोपीवाला ओरडला. आसपास हशा पिकला.

इंग्यू धावतच बाहेर आला. कपाळावर घामाचा ठिपका नाही. मुख्य कोचपुढं कमरेत वाकला, जाड लांब कोट पांघरला आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसला. चौदा मिनिटांत चेंडू सहा वेळा त्याच्या पायाशी आला होता. सहाही वेळा त्यानं तो पुढं दिला होता, जात्याच्या तोंडी घास घालावा इतक्या अलगद.

बेक यांच्या शेजारी इंग्यूची आई उठून उभी राहिली होती. शिंपल्यांचा ऐन हंगाम टाकून, दोन बस बदलून ती आली होती. पायाशी कापडात बांधलेलं खोकं होतं.

"पुन्हा गुडघाच ना?"

बेक यांनी नजर मैदानाकडं वळवली.

"अहो सर, हा गुडघा आहे की काय आहे? मार्चपासून काळ्या बकऱ्याच्या मांसाचा काढा पाठवतेय. सकाळी एक पाकीट, संध्याकाळी एक पाकीट. एवढ्या काढ्यात तो बकरासुद्धा उठून पळायला लागला असता!"

मागची माणसं पुन्हा हसली. बेक यांना हसू आलं नाही. गुडघ्याची थाप त्यांचीच होती. मार्चमध्ये तिनं फोनवर विचारलं होतं, पोराला इतक्या लवकर का हो काढलं, आणि त्यांच्या तोंडाला आलं ते ते बोलून गेले. पोरानं गुरूचा शब्द खाली पडू दिला नाही. तेव्हापासून ते बिचारं धडधाकट गुडघ्यानं बकऱ्याचा काढा पीत होतं.

"गुडघा कसला घेऊन बसलात, ताई?" टोपीवाला पुढं वाकला. "नियम आहे तो. सुरुवातीच्या अकरांत बावीस वर्षांपर्यंतचं पोर नसलं, तर बदली खेळाडू कमी मिळतात. म्हणून पोराला नावाला उतरवायचं, आणि खरा गडी अंग गरम करून आला की काढायचं. घरची पोरं घडावीत म्हणून केलाय म्हणे नियम! घडतायत बघा."

इंग्यूची आई सावकाश खाली बसली. मैदानात कुणीतरी पडलं, शिट्टी वाजली. तिनं तिकडं पाहिलंही नाही.

"सर, खरं आहे हे?"

"खरं आहे."

"आणि गुडघा?"

"ठणठणीत आहे. पहिल्यापासून."

ती ओरडली असती तर बेक यांना बरं वाटलं असतं. ती नुसती खोक्याची गाठ चाचपत राहिली.

"पुढल्या वर्षी?"

"पुढल्या वर्षी तो तेवीस वर्षांचा होतो. मग नियमालाही त्याचं काम नाही."

"मग दारावर एवढा मोठा फोटो कशाला लावलाय त्याचा? 'आमच्या मातीतला' म्हणून? येताना मी त्या फोटोपुढं दोन मिनिटं उभी राहिले, सर."

"फोटो पुरी नव्वद मिनिटं असतो," टोपीवाला पुटपुटला. बेक यांनी वळून पाहिलं तसा तो गुमान चहा पिऊ लागला.

"तुम्ही घडवलंत ना त्याला? मग जा की! सांगा त्या मोठ्या कोचला!"

"सांगितलं. मे महिन्यात सांगितलं, ऑगस्टमध्ये सांगितलं. तो म्हणतो, सामना हरलो तर नोकरी तुमची जाते की माझी?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? त्याचीच जाते."

समोर इंग्यू बाकावर ताठ बसला होता, हात गुडघ्यांवर, वर्गात बाई आल्यासारखा.

"मग दुसरीकडं बघा," ती एकदम म्हणाली. "खालच्या लीगमधलं असू दे, लांबचं असू दे. पगार कमी असला तरी चालेल, मी आहे. पण खेळू दे हो त्याला. तुमच्या इतक्या ओळखी. कुणाला तरी विचारा ना!"

बेक यांनी खिशात हात घातला. फोन तिथंच होता. त्यावर आलेला निरोप त्यांनी सकाळपासून चार वेळा वाचला होता.

"विचारायला नको," ते म्हणाले. "मागणी आलीय. डोंगराकडचा छोटा क्लब आहे. तिथला कोच माझा जुना सोबती. पहिल्या सामन्यापासून पूर्ण वेळ खेळवतो म्हणतो. संध्याकाळी सहापर्यंत कळवायचंय."

"मग कळवा की! कधी आली?"

"ही तिसरी, इंग्यूच्या आई." बेक यांनी मान वर केली नाही. "पोराला मागायचं तर आधी त्याच्या गुरूला विचारायचं, ही रीत तो पाळतो. दोन वेळा मीच नाही म्हणालो. अठरा वर्षांत माझ्या हातचं एकच पोर मोठ्या संघात गेलं. मला ते सोडवेना. मी त्याला विचारलंसुद्धा नाही."